दिवाळीनंतरचा हजेरीपट : मराठवाड्याच्या ४६ आमदारांना खुलं पत्र

मराठवाड्यातून निवडून गेलेल्या सर्व ४६ सन्माननीय विधानसभा सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका कॉलेजात एकवीस वर्षांपासून अर्थशास्त्र शिकवते. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्याला आठवडा झाला. प्रथम वर्षाच्या पटावर चौसष्ट नावं आहेत. काल वर्गात सत्तावीस जण होते. बाकीच्यांच्या घरी निरोप पाठवून उपयोग नसतो. घराला कुलूप असतं, नाहीतर ओसरीवर म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतात. पोरं साखर कारखान्याला, ऊस तोडायला गेलेली असतात. यंदा जरा जास्तच गेली, कारण सप्टेंबर २०२५ च्या पुराने हातातोंडाशी आलेलं सोयाबीन नेलं आणि नदीकाठच्या रानांची मातीसुद्धा नेली. ज्यांनी दोन वर्षांमागे कोयता आढ्याला खोचून ठेवला होता, त्यांनी पुन्हा मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतली.

पत्र मुख्यमंत्र्यांना लिही, असं घरचे म्हणाले. मी तुम्हाला लिहिते आहे, कारण मत आम्ही तुम्हाला दिलं. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन भरेल. ते अधिवेशन नागपूरला का भरतं हे तुम्हाला माहीत आहे : २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात तसं लिहिलेलं आहे म्हणून. त्याच करारात मराठवाड्याबद्दलही एक कलम आहे. हा भाग मागासलेला आहे, त्याच्या सर्वांगीण विकासाकडे खास लक्ष द्यावं आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. एकाच कागदावरची ही दोन वचनं. अधिवेशन बहुतेक दरवर्षी भरतं. अहवालाची आठवण तुमच्यापैकी कोणी करून दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या अभ्यासक्रमात आर्थर लुईस यांचा सिद्धान्त आहे, १९५४ साली मांडलेला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं असतात. कारखानदारी वाढली की ती तिकडे जातात. शेतीवरचा भार हलका होतो आणि देश पुढे सरकतो. मी फळ्यावर दोन चौकोन काढते. एकात 'शेती' लिहिते, दुसऱ्यात 'उद्योग', आणि मधे बाण. तीन वर्षांमागे मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमचे आई-बाप दरसाल कारखान्यालाच जातेत की. मग आमचं पुढं सरकलं का?"

वर्गात कोणी हसलं नाही. मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीचे आई-वडील कारखान्याच्या दाराच्या आत कधीच जात नाहीत. ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्याच्या उसात उभे असतात. स्वतःच्या दोन एकरांतून उठून परमुलखातल्या फडात जाणं म्हणजे शेतीतून बाहेर पडणं नाही, उलट शेतकऱ्याचा शेतमजूर होणं आहे. माझ्या फळ्यावरचा बाण मराठवाड्यात असा वळून पुन्हा शेतीतच येतो. मला तुम्हाला एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. पुढच्या सगळ्या तक्रारी तिच्याच पोटातल्या आहेत.

माझं स्वतःचं म्हणाल तर आजोबांची छत्तीस एकर जमीन होती. तीन मुलांत वाटणी झाली तेव्हा वडिलांच्या वाट्याला बारा आली. आम्ही तीन भाऊ आणि मी. मी हक्कसोड दिली म्हणून भावांना चार-चार एकर तरी मिळाली, नाहीतर तीनच आली असती. (हक्कसोडीचा विषय वेगळा आहे. मराठवाड्यातल्या किती बहिणींनी असा सह्यांवर सह्या करून शेतीचा तुकडा वाचवला आहे, त्याची नोंद कुणी केली पाहिजे.) राज्याचंही असंच झालं. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आता साधारण आठवा हिस्सा उरला आहे आणि पोट भरणारी माणसं मात्र निम्म्याच्या आसपास. एवढ्या लहानशा भाकरीवर एवढी तोंडं. त्यामुळे पोरांनी शेतीतच राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी बाहेर पडावं. पण बाहेर पडायला दार हवं, आणि ते आपल्या मुलखात हवं.

माझा पुतण्या फिटरचा आयटीआय झाला. चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, पुन्हा पहिल्या दिवसाचा पगार. सहा वर्षं असं चाललंय. २०२० च्या टाळेबंदीत तो आणि त्याच्या खोलीतले चौघे पायी निघाले, मधे एका टेम्पोवाल्याने घेतलं, आणि गावी आल्यावर त्याने सोयाबीनच पेरलं. दुसरं होतं काय? त्याच्या एकट्याचं हे झालं असतं तर मी नशीब म्हटलं असतं. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत २०१८-१९ साली देशातले ४२.५ टक्के काम करणारे शेतीवर होते. २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के झाले. शेतीतून बाहेर पडलेली माणसं परत शेतीत आली. जो प्रदेश आधीच कोरडवाहू आहे, तिथे या परतलेल्या माणसांनी काय खायचं, यावर सभागृहात चर्चा व्हायला हवी होती.

आता तक्रारी सांगते.

पहिली, वैधानिक विकास मंडळाची. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली मराठवाड्याला हे मंडळ मिळालं. ते सहज मिळालेलं नाही. १९७४ साली विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन केलं, वसमतला गोळीबार झाला, स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी उभं आयुष्य या मागणीत घातलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या तुलनेत कोण किती मागे राहिलं ते, मोजला. तो मोजला गेला म्हणून निदान भांडता तरी आलं : सिंचनात इतका, रस्त्यांत इतका, शाळांत इतका. मंडळाला अधिकार कमी होते, पैसा कमी होता, हे मला मान्य आहे. पण मोजमाप करणारी आणि राज्यपालांपुढे ते ठेवणारी ती एक जागा होती. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्रचनेचा निर्णय घेतला, पण मंडळ उभं राहिलं नाही. या काळात तुमच्यापैकी अनेकांनी पक्ष बदलले, अनेकजण सत्तेत होते, अनेकजण विरोधात होते. एकाच वेळी ४६ जण या एका गोष्टीसाठी उभे राहिल्याचं आम्हाला दिसलं नाही. केळकर समितीचा अहवाल २०१३ साली आला. असमतोल जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या पातळीवर बघावा, असं तिथे सांगितलं होतं. ते अगदी रास्त आहे, कारण कारखान्यांचं वाळूज आणि मागास सोयगाव एकाच जिल्ह्यात आहेत, आणि जिल्ह्याच्या सरासरीत सोयगाव बुडून जातं. त्या अहवालाचं पुढे काय झालं, ते तुम्ही आम्हाला सांगायचं आहे.

दुसरी तक्रार घोषणांची. ४ ऑक्टोबर २०१६ ला तेव्हाच्या औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली, ४९ हजार कोटींची कामं जाहीर झाली. १६ सप्टेंबर २०२३ ला पुन्हा तिथेच बैठक झाली, सिंचनाच्या १४ हजार कोटींच्या सुधारित मान्यता धरून ५९ हजार कोटी जाहीर झाले. मी या आकड्यांवर अविश्वास दाखवत नाही. मला फक्त हिशोब हवा आहे. कोणतं काम झालं, कोणतं अर्धं आहे, कोणतं सुरूच झालं नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. त्या दिवशी स्टेशनवर म्हातारी माणसं डोळे पुसत होती, मीही त्यांत होते. आनंद खरा होता. पण ज्या शहरात तीस वर्षं रेल्वे पोचत नाही, तिथे कारखाना का येत नाही, हा प्रश्न मला मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, ती पिकांची.

माझ्या लहानपणी आमच्या रानात शाळू, बाजरी, तूर, मूग, उडीद, करडई, जवस, बांधाला अंबाडी असं सगळं असायचं. धान्य घरात, कडबा गुरांना, करडईचं तेल गावच्या घाण्यावर. पैसा कमी होता, पण एक पीक गेलं तर दुसरं हाती लागायचं. वीस-पंचवीस वर्षांत ते सगळं जाऊन सोयाबीन आलं. शेतकऱ्याने ते मूर्खपणाने घेतलं नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा देणारं दुसरं पीक आमच्या जमिनीला कुणी दाखवलं नाही. पण त्याबरोबर कडबा गेला, कडबा गेला म्हणून दावणीची जनावरं गेली, जनावरं गेली म्हणून शेणखत आणि घरचं दूध गेलं. आता सगळं घर एका पिकावर आणि एका भावावर उभं असतं.

तो भाव मुंबई-दिल्लीत ठरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. त्याच महिन्यात केंद्राने सोयापेंड आयातीला परवानगी दिली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता. माझ्या भावाने तीन एकरांतलं पंधरा क्विंटल ४,१०० ने आडतीवर घातलं. खरेदी केंद्रावर आधी ओलाव्याची अट, मग बारदाना नाही, मग नंबर लागत नाही. तोवर कृषी दुकानदाराची उधारी थांबत नव्हती. पंधरा क्विंटलमागे बारा हजारांच्या आसपास बुडाले. शहरातल्या नोकरदाराला ही रक्कम लहान वाटेल. त्याच्या घरी ती मुलीच्या वसतिगृहाची वर्षाची फी होती. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आणि पुढे ती सवलत वर्षाअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. हा केंद्राचा विषय आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण विधानसभेत ठराव करून केंद्राला कळवायला कोणाचीच आडकाठी नव्हती.

आणि हमीभावाहून मोठी गोष्ट पुढेच आहे. पीक निघाल्यावर त्याचं जे काही होतं, ते इथे फार थोडं होतं. लातुरात डाळमिल आहेत, तेलाच्या गिरण्या आहेत, आणि त्यामुळेच लातूरच्या बाजाराला वजन आहे. जालन्यात बियाणं आणि स्टील आहे. वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण सीताफळ पिकलं की दोन दिवसांत जातं. गर काढून गोठवायची सोय गावाजवळ नसेल, तर मानांकनाचा कागद घेऊन बाई रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसते, आणि संध्याकाळी उरलेला माल टाकून घरी जाते. मानवत-सेलूचा कापूस जिनिंगमध्ये सरकी सोडतो आणि गाठी बांधून बाहेरच्या राज्यांत जातो. सूत तिकडे, कापड तिकडे, शिवणाऱ्या बायकांची मजुरी तिकडे. नांदेडची उस्मानशाही मिल कधीकाळी हजारो घरं चालवत होती. ती बंद पडल्यावर कापसाच्या मुलखात सुताचा दुसरा तसा मोठा आधार उभा राहिला नाही. मोठा उद्योग येतो तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनला येतो. त्याचा मला आनंद आहे, पण बिडकीन आमच्या गावापासून दीडशे किलोमीटर आहे. आमच्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट सगळे 'दिलेले' आहेत आणि त्यांवर वेड्या बाभळी आहेत. वर्षानुवर्षं रिकामे ठेवलेले प्लॉट परत का घेतले जात नाहीत?

चौथी तक्रार कोयत्याची. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. टनावर मजुरी, ती एका नावावर, आणि ते नाव नवऱ्याचं. बाई पहाटे चारला उठते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) येऊन भाकरी थापते, आणि कोणत्याही कागदावर ती कामगार नसते. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न पुढे आला, सरकारने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. यातल्या काही माझ्या विद्यार्थिनींच्या आया आहेत. काही माझ्या विद्यार्थिनीच आहेत, कारण कोयता जुळावा म्हणून बारावीच्या आत लग्नं होतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना चांगली आहे. जिथे वसतिगृह नीट चालतं, तिथला माझा विद्यार्थी दिवाळीनंतरही वर्गात असतो, हे मी पाहिलं आहे. तो एवढा सरळ उपाय आहे, आणि म्हणूनच तो रखडला की जास्त वाईट वाटतं.

पाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर तुम्ही निवडणुकीत पुष्कळ बोलता. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. नऊ वर्षांनी त्याच मांजरेच्या पुरात रानं वाहून गेली. दोन्ही वेळेला पॅकेज आलं. पॅकेजने त्या वर्षीची चूल पेटते आणि त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण खरडून गेलेल्या रानात पुन्हा माती भरून आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच सोयाबीन टाकून आम्ही जिथल्या तिथे येतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

येत्या नागपूर अधिवेशनात पक्ष कोणताही असो, तुम्ही ४६ जणांनी मिळून मराठवाडा वैधानिक विकास मंडळाच्या पुनर्स्थापनेचा ठराव आणावा, आणि मंडळ उभं राहीपर्यंत नागपूर करारातल्या कलमाप्रमाणे दरवर्षी मराठवाड्याचा अहवाल सभागृहापुढे ठेवायला लावावा. तो तालुकानिहाय हवा आणि मराठीत हवा.

२०१६ आणि २०२३ च्या दोन्ही बैठकांतल्या घोषणांची श्वेतपत्रिका काढावी, कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि आजची स्थिती यांसकट.

सोयाबीन, कापूस, तूर, हळद, सीताफळ जिथे पिकतं त्या तालुक्यातच त्यावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना आधी प्लॉट, आधी वीज आणि आधी कर्ज मिळावं. औद्योगिक वसाहतींतले मुदत उलटलेले रिकामे प्लॉट परत घ्यावेत आणि ते शेतकऱ्यांच्या कंपन्यांना व बचत गटांना देण्याचा हिस्सा ठरवावा. सरकारची सवलत घेणाऱ्या कंपनीत कायम नोकऱ्या किती आणि ठेक्यावरच्या किती, हे दर वर्षी जाहीर व्हावं. माझ्या पुतण्यासारखी पोरं सवलतीच्या हिशोबात रोजगार म्हणून मोजली जातात आणि सात महिन्यांनी घरी येतात.

खरेदी केंद्रं सोयाबीन काढणीच्या आधी सुरू व्हावीत, बारदान्यासकट. तेल, पेंड आणि कापसाचं आयात शुल्क काढणीच्या महिन्यांत कमी करू नये, असा ठराव विधानसभेने केंद्राला पाठवावा.

कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद व्हावी, तिची अर्धी मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. पाळीत आणि बाळंतपणात खाडा लावणं बेकायदा ठरवावं. मंजूर वसतिगृहं दसऱ्याच्या आत सुरू व्हावीत. दिवाळीनंतर उघडलेलं वसतिगृह आमच्या मुलांच्या उपयोगाचं नसतं, तोवर गाडी गेलेली असते.

मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून मराठी मुलखात विनाअट आला. माझे वडील तो शब्द फार अभिमानाने उच्चारायचे. त्यांना त्याचा कधी पस्तावा वाटला नाही आणि मलाही वाटत नाही. मी वेगळं राज्य मागत नाही, कुणाचं पाणी हिसकावून मागत नाही. लिहून दिलेलं मागते आहे.

अधिवेशन संपल्यावर, जानेवारीच्या कोणत्याही कामाच्या दिवशी, तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी साडेदहाला माझ्या वर्गात यावं. सत्काराची, हाराची गरज नाही, मागच्या बाकांवर बसायला भरपूर जागा असेल. मी हजेरी घेईन. जी सदतीस नावं घेतल्यावर कोणी ओ देणार नाही, ती तुम्ही लिहून घ्या आणि त्यातलं प्रत्येक पोर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या फडात आहे ते शोधून काढा. मुकादमांची नावं मी देते.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका आणि सोयाबीन उत्पादकाची बहीण
बीड जिल्हा